वर्गखोलीचा ठराव महिला सभेत

ताई, मावशी, शाळेचं छत गळतंय, पाऊस आला की दोन वर्ग एकाच खोलीत बसतात, हे आपण गटाच्या बैठकीत बोलतो आन् घरी जातो. तिथं बोलून निधी येत नाही. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींच्या विषयांत शाळाही आल्या, ७४व्या दुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आली. जिल्हा परिषद शाळांच्या खोल्यांना जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा मिळतो, तो या समितीमार्फत. मागणी मात्र गावातून गेली पाहिजे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तसा कायदाच आहे. तिथं ठराव लिहूनच घ्या, तोंडी नको. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असतात. त्यांना विचारा, शाळा विकास आराखड्यात खोली लिहिली का? (काहीजणी नुसती सही करून येतात, रागावू नका.) पुढच्या बैठकीला मी येईन तेव्हा ठरावाची नक्कल गटाच्या फाईलला लावलेली दाखवा.