डुकराचं पिल्लू, कुळीथ आणि एक लपलेली पेशी

आजचा विषय ऐकून काही जण हेडफोन काढतील, पण पाच मिनिटं द्या. विषय आहे डुकराच्या वृषणातल्या स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून आयुष्यभर शुक्राणू बनत राहतात त्या मूळपेशी. त्या ओळखायच्या कशा, आणि डिशमध्ये वाढवायच्या कशा?

हा उद्योग करायचाच कशाला, ते आधी सांगतो. मोठ्या माणसाला कॅन्सर झाला तर केमोच्या आधी तो वीर्य गोठवून ठेवू शकतो. आठ वर्षांच्या मुलाने काय गोठवायचं? त्याच्या शरीरात शुक्राणू अजून बनतच नाहीत. मूळपेशी मात्र असतात, आणि केमोत त्यांचाही बळी जाऊ शकतो. म्हणून काही हॉस्पिटलांत उपचाराआधी वृषणाचा छोटा तुकडा काढून गोठवून ठेवतात. पुढे तो वापरायचा कसा, हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. ते शिकायला उंदीर सोयीचा, पण आकाराने आणि शरीररचनेने डुक्कर आपल्याला जास्त जवळचं.

शिवाय कच्चा माल मिळतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या मांसाला एक उग्र वास येतो, म्हणून अनेक देशांत नर पिल्लांचं जन्मानंतर थोड्याच दिवसांत खच्चीकरण करतात. जे एरवी फेकून दिलं जातं, ते लॅबमध्ये येतं.

लॅबमध्ये काय होतं? वृषण बारीक चिरायचं, कोलॅजिनेज आणि ट्रिप्सिन या एन्झाइम्सनी पेशी सुट्या करायच्या, गाळायच्या. आता डिशमध्ये सगळी गर्दी. त्यात बहुतेक सर्टोली पेशी, म्हणजे शुक्राणूंना पोसणाऱ्या दाया. आपल्याला हवी ती पेशी अगदी थोडी. मोठ्या उंदरात हिशोब केला तर दहा हजार पेशींमागे जेमतेम तीन! नवजात पिल्लात प्रमाण बरं असतं, पण तिथे ती अजून 'गोनोसाइट' नावाच्या बाल-अवस्थेत असते. गोल, मोठं केंद्रक, नळीच्या मधोमध बसलेली.

मग ओळखायची कशी? इथे मला आवडणारी गोष्ट येते. गोनोसाइटच्या अंगावर एक विशिष्ट साखर असते आणि तिला घट्ट चिकटणारं एक प्रथिन आहे, डीबीए लेक्टिन. त्यातला 'डीबी' म्हणजे डॉलिकोस बायफ्लोरस. म्हणजे काय, माहितीय? कुळीथ! कोकणात ज्याची पिठी करतात आणि घाटावर ज्याला हुलगे म्हणून शेंगोळे करतात, तोच. त्याच्या दाण्यातलं हे प्रथिन. त्याला चमकणारा रंग जोडायचा, पेशींवर सोडायचं, की गर्दीतल्या गोनोसाइट्स उजळतात आणि आजूबाजूच्या दाया काळ्याच राहतात. रक्तपेढीत ए-वन आणि ए-टू गट वेगळे करायलाही हेच कुळथाचं लेक्टिन वापरतात.

वेगळं करायला आणखी एक साधी युक्ती. मिश्रण डिशमध्ये काही तास तसंच ठेवायचं. दाया तळाला चिकटतात, गोनोसाइट्स बऱ्याचशा वर तरंगत राहतात. वरचं पाणी हळूच काढून घ्यायचं. आपण तांदूळ धुताना कोंडा काढतो ना, तसंच.

वाढवायला जीडीएनएफ नावाचं प्रथिन घालतात. वृषणात हाच निरोप सर्टोली पेशी देतात: 'तू मूळपेशीच राहा, शुक्राणू व्हायची घाई करू नकोस.' निरोप थांबला की पेशी पुढच्या रस्त्याला लागते. सगळं जमलं तर काही दिवसांत द्राक्षाच्या घडासारखे पुंजके दिसतात.

पुंजके दिसले की सगळे खूश होतात, पण खरी भानगड तिथेच आहे. चमकली म्हणून ती मूळपेशी, हे सिद्ध होत नाही. एकच पक्की परीक्षा: ती रिकाम्या वृषणात सोडायची आणि शुक्राणू होतात का ते बघायचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या राल्फ ब्रिन्स्टर यांनी 1994 मध्ये उंदरांत ही परीक्षा शोधली. 2003 मध्ये जपानच्या क्योतोमधल्या गटाने उंदराच्या पेशी पाच महिने डिशमध्ये वाढवल्या, त्या वांझ उंदरांत सोडल्या आणि पिल्लंही झाली. डुकराची पेशी उंदरात सोडली तर ती घर करते, पण शुक्राणूपर्यंत पोचत नाही. म्हणजे परीक्षेला डुक्करच हवं, तेही रिकामं.

ते मग बनवलं गेलं. नॅनोस-टू हा एक जीन बंद केला की नर धडधाकट वाढतो, फक्त त्याच्या नळ्यांत शुक्राणू बनवणाऱ्या पेशी नसतात. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जॉन ओटली यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं, की अशा डुकरांत दुसऱ्या नराच्या पेशी सोडल्या तर त्या दात्याचे शुक्राणू तयार होतात.

डिशमधलं गाडं मात्र अडलेलंच आहे. उंदराच्या पेशींइतक्या जोमाने आणि दीर्घकाळ डुकराच्या पेशी वाढत नाहीत. कुणी तापमान वृषणासारखं थोडं कमी ठेवून बघतंय, कुणी तळाला लॅमिनिनचा थर देऊन. मला विचाराल तर अडचण डुकराच्या दायांमध्ये आहे. जीडीएनएफशिवाय त्या आणखी काय निरोप देतात, ते अजून पुरतं ऐकू आलेलं नाही.