ट्रकचे जादा दिवे

चालकबंधूंनो, जादा दिवे मिणमिणत असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग पाहा. रंगावर किंवा गंजावर कसलेला बोल्ट, हेच बहुधा खरं दुखणं! दिवा चालू ठेवून त्याची अर्थची वायर आणि बॅटरीचं मायनस टोक यांना मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला, तर रंग खरवडून बोल्ट पुन्हा कसा. फ्यूज सारखा उडतोय? मोठा फ्यूज घालू नका, वायर जळेल. चेसिसला घासलेली जागा शोधा. 70 वॅटचे चार दिवे 24 व्होल्टवर सुमारे 12 अँपिअर ओढतात. हा भार स्विचवर नको, रिले लावाच. आणि 12 व्होल्टचा दिवा दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडलात, तर दोन्ही बॅटऱ्या लवकर जातील.