पंचाने कोणाशी बोलावे?



क्रिकेटवर युनियनवाल्याने काय बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल. पण गिरणीतले खाते काय आणि मैदान काय, नियम मोडणारा एक, शिक्षा करणारा दुसरा आणि मधे निरोप नेणारे चार, हा देखावा दोन्हीकडे सारखाच. तेव्हा प्रश्न असा, की चुकलेल्या खेळाडूला पंचाने स्वतः सांगावे, की केवळ त्याच्या कर्णधाराला?

क्रिकेटच्या कायद्याने याचे उत्तर शहाणपणाने दिलेले आहे. चेंडू टाकल्यावर गोलंदाज खेळपट्टीच्या मधल्या, जपावयाच्या भागावर धावत गेला, तर पंच त्या गोलंदाजालाच ताकीद देतो. आणि दुसरा पंच, कर्णधार व फलंदाज यांनाही तसे कळवितो. पुन्हा तेच घडले, की शेवटची ताकीद, आणि तिसऱ्यांदा घडले, की त्या डावापुरती त्याची गोलंदाजी बंद.   ज्याचे पाऊल चुकते त्याच्याच कानावर घालावे, आणि घातले हे इतरांना ठाऊक असावे, ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते. चौकशीत साहेब म्हणतात, ‘तोंडी ताकीद दिली होती’. कामगार म्हणतो, ‘मला कोणी बोललेच नाही’. असल्या भांडणांत आमची उभी वर्षे गेली आहेत.

यावर फैसलाबादचा दाखला देतात. 1987 साली तेथे क्षेत्ररक्षक हलविण्यावरून पंच शकूर राणा आणि इंग्लंडचा कर्णधार माईक गॅटिंग भर मैदानात बोटे नाचवून भांडले. तिसऱ्या दिवसाचा सगळा खेळ बुडाला, आणि गॅटिंगने माफीची चिठ्ठी लिहून दिली तेव्हा कुठे सामना पुढे सरकला. म्हणून पंचाने तोंडच उघडू नये काय? आम्हांला हे पटत नाही. ताकीद देणे वेगळे आणि हमरीतुमरीवर येणे वेगळे.

आम्हांला अधिक सलते ते 2006 चे ओव्हल. पाकिस्तानी संघाने चेंडूशी चाळा केला असे ठरवून पंच डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी चेंडू बदलला व पाच धावांचा दंड केला. या गुन्ह्याला कायद्यात आधी ताकीदच नव्हती. चहापानानंतर संघ वेळेवर मैदानात उतरला नाही, आणि कसोटीच्या इतिहासात प्रथमच सामना असा बहाल झाला. पुढे चौकशीत चेंडूचा आरोप सिद्ध झाला नाही. मैदानात न उतरल्याबद्दल मात्र कर्णधार इंझमामला चार एकदिवसीय सामन्यांची बंदी भोगावी लागली. म्हणजे मूळ गुन्हा शाबीत नाही, आणि शिक्षा झाली ती रागावल्याची! चार्जशीटच्या धंद्यात असले निकाल आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता आपल्याकडील टेनिस चेंडूच्या स्पर्धा. तिथे पोराचे पाऊल रेषेपुढे पडले, की ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावानिशी थट्टा सुरू होते. आयोजक मंडळींना आमची विनंती आहे, की नो-बॉल जरूर पुकारावा. पण ध्वनिक्षेपक घेतलेल्या गृहस्थाआधी पंचाने त्या पोराजवळ जाऊन, त्याच्या कर्णधारासमक्ष, पाऊल कुठे पडले ते दाखवावे.