‘व्हेनेसा’: एका नांवाची जन्मकथा

नांवें बहुधा जुनीं असतात. आजीचें नांव नातीला मिळतें, देवादिकांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, आणि त्यांचा पहिला उच्चार कोणाच्या मुखांतून झाला हें सांगणें अशक्य होऊन बसतें. ‘व्हेनेसा’ हें इंग्रजी नांव याला अपवाद आहे. तें घडविणारा कारागीर ठाऊक आहे, तें कोणासाठीं घडविलें हेंही ठाऊक आहे.

हा कारागीर म्हणजे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा कर्ता जोनाथन स्विफ्ट. एस्थर व्हॅनहोमरी या तरुणीशीं त्याचा लंडनमध्यें स्नेह जडला. तिचा पिता मूळचा डच व्यापारी. पुढें तो डब्लिनचा लॉर्ड मेयर झाला होता. स्विफ्ट तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं वडील. तिच्या वाचनाला वळण लावणारा एक प्रकारें गुरुच. शिष्येचें मन मात्र गुरूवर जडलें. तेव्हां स्विफ्टनें आडनांवांतला ‘व्हॅन’ घेतला, त्याला एस्थरचें लाडकें रूप ‘एसा’ जोडलें, आणि नवें नांव सिद्ध झालें. डच आडनांवांतला हा ‘व्हॅन’ आपल्या पुणेकर-चिपळूणकरांतल्या ‘कर’चेंच काम करतो, फक्त तो शेवटीं न येतां आरंभीं बसतो. एका शब्दयोगी अव्ययाला इतकें मधुर भाग्य क्वचितच लाभलें असेल!

कवितेंत व्हेनेसा एकटी नाहीं. तिच्या समोर ‘काडेनुस’ आहे. इ. स. १७१३ मध्यें स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन झाला. डीनला लॅटिनमध्यें ‘डेकानुस’ म्हणतात. पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली कीं ‘डेकानुस’चा ‘काडेनुस’ होतो. ‘काडेनुस आणि व्हेनेसा’ या दीर्घ काव्यांत प्रेमाची देवता व्हीनस एक निर्दोष कन्या निर्माण करते, आणि पुरुषांना साजणारी विद्या तिला मिळावी म्हणून बुद्धीची देवता पॅलस हिला फसविते. ती विदुषी होते, आणि तिच्या विद्येचें फळ म्हणजे ती आपल्या प्रौढ शिक्षकावर अनुरक्त होते. पुढें काय झालें? तें जगाला कधींच कळणार नाहीं, असें म्हणून कवि मोकळा होतो. विनोदाच्या आडून हात झटकण्याचा हा प्रकार चतुर खरा, पण जिच्यासाठीं तो केला तिला तो सुखाचा झाला असेल असें वाटत नाहीं.

कारण दुसरी एक एस्थर होती. एस्थर जॉन्सन ही स्विफ्टची फार जुनी सखी, इ. स. १७१९ पासून तिच्या वाढदिवसाच्या कवितांत तो तिला ‘स्टेला’ म्हणूं लागला. स्टेला म्हणजे लॅटिनमध्यें तारका. एस्थर हें नांव फारसी ‘सितारा’शीं जोडण्याची परंपराही जुनी आहे. म्हणजे एकीच्या नांवाचा त्यानें अर्थ घेतला, दुसरीच्या नांवाचे तुकडे घेतले. दोघींचें खरें नांव एकच, आणि दोघीही शेवटीं डब्लिनच्याच परिसरांत राहत होत्या.

व्हेनेसा लिफी नदीकांठीं सेलब्रिज येथें राहत असे. तिनें स्टेलाला पत्र लिहून स्विफ्टशीं तिचा विवाह झाला आहे काय असें विचारलें, आणि तें पत्र घेऊन संतापलेला स्विफ्ट सेलब्रिजला आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचें कांहींही असो; इ. स. १७२३ च्या जूनमध्यें व्हेनेसा वारली तेव्हां तिच्या मृत्युपत्रांत स्विफ्टचें नांव नव्हतें. इस्टेटीचे वारस ठरले तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली आणि रॉबर्ट मार्शल.

तिच्यामागें काव्याच्या हस्तलिखित प्रती हातोहात फिरूं लागल्या, आणि १७२६ मध्यें तें छापलें गेलें. गुपित राखण्यासाठीं केलेलें नांवच गुपिताची खूण होऊन बसलें. असें काव्य जिनें स्फुरविलें ती व्हेनेसा असामान्यच असली पाहिजे, असें कोणीसें स्टेलासमोर म्हणालें. त्यावर, डीनसाहेब तर केरसुणीवरही उत्तम लिहूं शकतात, असें ती शांतपणें उत्तरली म्हणतात. स्विफ्टनें खरोखरच केरसुणीवर एक निबंध लिहिला होता.

पुढें इ. स. १८०७ मध्यें डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ फाब्रिसियस यानें फुलपांखरांच्या एका वंशाला ‘व्हेनेसा’ हें नांव दिलें. १८७९ मध्यें जन्मलेली चित्रकार व्हेनेसा बेल, व्हर्जिनिया वुल्फची बहीण, तेंच नांव धारण करीत होती. फाब्रिसियसच्या वंशांतलें ‘पेंटेड लेडी’ हें नारिंगी, काळ्या ठिपक्यांचें फुलपांखरूं महाराष्ट्रांतही आढळतें.