हेड उघडू नका
(रेडिओवरील भाषण)



नाशिकच्या माणसानं बोटीच्या इंजिनावर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. आपल्याकडे बोट म्हटली की गंगापूर धरणाचा बोट क्लब आठवतो, तोही सुट्टीत पोरं मागे लागली तर. पण त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा घाट उतरत गेलं की पालघर लागतं आणि त्याच्या पुढे सातपाटीचं बंदर. तिथल्या एखाद्या जुन्या लाकडी मच्छीमार बोटीच्या पोटात निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला उतरवा. तो म्हणेल, ‘अरे, हे तर आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचं भावंड!’ आणि ते खरंच आहे. सिलिंडर जास्त असतील, मागे गिअर बॉक्स असेल, पण जात तीच. साताऱ्याच्या कूपर कंपनीनं आणि 1946 पासून किर्लोस्करांच्या ऑइल इंजिन कंपनीनं ज्या डिझेल इंजिनांची सवय महाराष्ट्राच्या हाताला लावली, त्याच जातीचं.

दुसरं नातं आणखी जवळचं. डिझेल सिलिंडरात फवारणारं नोझल आपल्या सातपूरला बनतं. मायको म्हणून आपण ओळखतो ती कंपनी, 2008 पासून तिचं नाव बॉश. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढी. एवढ्या फटीतून जे जातं, ते स्वच्छच असावं लागतं. बोटीच्या इंजिनाची निम्मी दुखणी मला तरी इथूनच सुरू झालेली दिसतात.

डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. नवी पोरं इंजिन बंद पडलं की आधी हेडच्या बोल्टला पाना लावत. मी ओरडत असे, हेड उघडू नका! जुन्या इंजिनाचं हेड उघडलं की गॅस्केट गेलं, बोल्ट तुटायची भीती आली, आणि आत बहुतेक वेळा दोष सापडतच नाही. दोष असतो बाहेर. आत येणाऱ्या डिझेलच्या वाटेवर, थंडाव्याच्या पाण्याच्या वाटेवर, नाहीतर बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टवर.

इंजिन आचके देत, फेरे कमी-जास्त करत बंद पडलं, तर संशय डिझेलवर घ्यावा. शेतातलं इंजिन एका जागी उभं असतं. टाकीतला गाळ तळाशी बसतो आणि तिथेच राहतो. बोट मात्र डोलते. धक्क्याला बांधलेली असताना तासभर निमूट चालणारं इंजिन खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या की नेमकं दगा देतं, कारण तळाचं सगळं ढवळून वर आलेलं असतं. मेकॅनिक येतो, धक्क्यावर चालवून बघतो, म्हणतो काही झालेलं नाही. बोटीचा प्रमुख तांडेल आणि मेकॅनिक दोघंही आपापल्या जागी खरे असतात. अशा वेळी टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढावं आणि थोडा वेळ उभं ठेवावं. खाली पाणी दिसेल. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांचा काळा, बुळबुळीत थर फिल्टर गच्च करतो. म्हणून बोट शाकारून ठेवताना टाकी भरून ठेवावी. डिझेलच्या भावात हे जड जातं, पण नोझलचा संच त्याहून जड जातो.

फिल्टर बदलला की वाटेत हवा राहते. ‘इंजिनानं हवा धरली’ हे आपल्या शेतकऱ्यालाही पाठ आहे. आधी फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. मग फ्यूल पंपावरचा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचं नट थोडं ढिलं करून इंजिन फिरवायचं. हा क्रम उलटा केला तर दिवस जातो. आणि हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर गळती शोधताना ओलं काय आहे ते बघत बसू नका. टाकी पंपाच्या खाली असेल, तर त्या नळीत ओढ असते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते. तांब्याचे वायसर बदला, कितीतरी वेळा काम तिथेच संपतं.

एक सावधगिरी. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना हात मध्ये घालू नका. दाब सुमारे दोनशे बारच्या घरात असतो. तो फवारा कातडी भेदून आत जातो, वरून टाचणी टोचल्यासारखं वाटतं आणि आतून हात सडू लागतो. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

आता पाण्याची वाट. इथे विहिरीचं इंजिन आणि बोटीचं इंजिन यांची फारकत होते. काही बोटींत समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरतं. ते साठ अंशांच्या फार वर तापू देत नाहीत, कारण मग क्षार सुटून आतल्या वाटा बुजतात. काही इंजिनांत आत गोडं पाणी आणि त्याला थंड करायला बाहेरून खारं, अशी दुहेरी सोय असते. दोन्हीकडे खारं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो. त्या रबराला वंगण पाण्याचंच. बोटीच्या बुडाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली आणि पाणी थांबलं, की तो फार थोड्या वेळात जळतो. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर पिशव्यांना तोटा नाही! नवा इंपेलर बसवून मोकळे होऊ नका. जुन्याची पाती मोजा. जेवढी तुटली तेवढे तुकडे पुढच्या नळीत अडकलेले असतात. ते काढले नाहीत, तर नव्या इंपेलरनंही इंजिन तापतंच, आणि मग कुणीतरी म्हणतं, हेड उघडा.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, बिडाला तडा जातो. थोडा वेळ हलकं चालू ठेवता आलं तर ठेवावं, नाहीतर बंद करून मुकाट वाट बघावी.

ज्या लाँचमध्ये थंडाव्याचं पाणी शेवटी धुराच्या नळीत सोडलेलं असतं, तिथे एक सापळा आहे. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहिलं, की पंप पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. पाणी साठतं आणि उलटं सिलिंडरात उतरतं. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. तेव्हा दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही, तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. सुरू झाल्याबरोबर तो उघडायला मात्र विसरू नका. याच इंजिनाची तेलाची पट्टी ओढून बघत जा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलेलं आहे. मग एक फेराही फिरवू नका.

धुराबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता चाललंय किंवा पाणी शिरलंय. काळा म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त, आणि बोटीत याचं कारण अनेकदा इंजिनाच्या बाहेर, पाण्याखाली असतं. बुडाला शेवाळ आणि शिंपले धरले की पंख्यावरचा भार वाढतो. पंख्याचे फेरे दहा टक्के वाढवायचे तर ताकद सुमारे एकतृतीयांशानं जास्त लागते. विहिरीवरच्या पंपाचंही गणित साधारण असंच. तेव्हा काळ्या धुरावर नोझल बदलण्याआधी बूड घासून बघा. फुकट काम आहे.

मघाशी आचके देत बंद पडण्याबद्दल बोललो. इंजिन खटकन, एका क्षणात थांबलं तर आधी गिअर न्यूट्रलला आणून हातानं फिरवून बघावं. न्यूट्रलला फिरतंय आणि गिअरमध्ये अडतंय, तर पंख्यात दोर किंवा जाळं गुंतलंय. न्यूट्रललाही हलत नसेल, तर इंजिन जॅम. जॅमचा आणखी एक प्रकार आहे: वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा लायनरला गंजून चिकटतात. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरात थोडं डिझेल आणि तेल सोडावं, दोन-चार दिवस मुरू द्यावं, आणि मग हातानं पुढे-मागे, पुढे-मागे. स्टार्टरचा झटका द्यायचा नाही. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको. उलट्या झटक्यानं अंगठा मोडलेली माणसं आपल्या शिवारातही आहेत.

  

शेवटचं काम शाफ्टचं. शाफ्ट बोटीतून बाहेर पडतो तिथे ग्लँड दोरी असते, आपल्या पंपाला असते तशीच. तिथून चालत्या बोटीत थेंब थेंब पाणी यायलाच हवं. एकही थेंब नको म्हणून करकचून आवळली, की दोरी जळते आणि शाफ्टवर खाच पडते. आणि इंजिनाची व शाफ्टची रेष जुळवताना किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीवर विश्वास ठेवू नका. लाकडी बोट पाण्यात उतरली की फळ्या फुगतात, आकार किंचित बदलतो. इंजिन आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग वर जुळलं तरी खाली जुळत नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोट पाण्यात उतरवाल, तेव्हा लाकडाला पाणी पिऊ द्या. मग कपलिंगचे बोल्ट सोडून चारही बाजूंनी फट मोजायचं फिलर गेज घाला. शंभर मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त फरक आला, तर इंजिनाच्या पायांखाली पत्र्या घालून तो काढा आणि मगच बोट दूर न्या.