जेकिल बेट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत जेकिल नावाचं बेट आहे. तिथलं हॉर्टन नावाच्या गृहस्थांचं घर १७४३ च्या सुमाराचं. आता नुसत्या भिंती उरल्यात. पण जवळ जाऊन बघा, त्यांत अख्खे कालवांचे शिंपले दिसतात. शिंपले भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि वर पुन्हा शिंपले, अशी ती भिंत!

१८८६ मध्ये बड्या धनिकांनी बेट विकत घेऊन इथं हिवाळी क्लब काढला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा आराखडा १९१० साली याच क्लबात गुपचूप ठरला. हे सगळे सांगतात. मला मात्र १८५८ ची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. गुलाम आणण्यावर बंदी येऊन पन्नास वर्षं झाली होती, तरी ‘वाँडरर’ जहाजातून चारशेहून अधिक आफ्रिकी माणसं चोरून इथं उतरवली गेली. बेटाच्या दक्षिण टोकाला त्यांच्या आठवणीची पायवाट आहे. ती आवर्जून चालावी.

१९४७ मध्ये राज्य सरकारनं बेट घेतलं. उत्तरेला, लाटांनी उन्मळून पडलेल्या झाडांचा ड्रिफ्टवुड किनारा आहे. आणि इथल्या समुद्री कासवांच्या दवाखान्यात जखमी कासवांवरचे उपचार काचेतून पाहता येतात.