उमेदवाराने उमेदवारी कोठे करावी?



पत्रिकेत माझे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगार असा काही विषय मनाशी धरला असेल. नावाखालचा विषय वाचल्यावर मात्र, हा गृहस्थ बास्केटबॉलवर काय बोलणार, असे वाटले असेल. शंका रास्त आहे. मी जन्मात कधी बास्केटबॉल खेळलो नाही. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर.

या खेळाकडे मला ओढले ते माझ्या भाच्याने. अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटे दिसतात. एके दिवशी सकाळी चहा घेताना तो तावातावाने सांगू लागला, “मामा, एका पोराला अगदी शेवटी शेवटी निवडलंय. आता त्याला बाकावर बसवायचं, खालच्या संघात धाडायचं, की परदेशात ठेवायचं, यावर सगळे भांडतायत.” मी म्हटले, “अरे, हा तर आमच्या खात्यातला प्रश्न. ही उमेदवारी झाली!” तेव्हापासून मी या प्रकरणात लक्ष घातले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आधी तिकडची व्यवस्था सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या एन.बी.ए. या लीगमध्ये ३० संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या दोन फेऱ्या, म्हणजे सुमारे ६० मुले. ज्या संघाने निवडले त्याच्याशीच त्या मुलाने करार करायचा, दुसऱ्याच्या दारात जायचे नाही. पहिल्या फेरीतल्यांना १९९५च्या सामूहिक करारापासून ठरीव वेतनश्रेणी मिळते, आणि आज त्यातली पहिली दोन वर्षे पक्की असतात. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. तिसावा आणि एकतिसावा यांच्या खेळात वीतभर अंतर नसेल, पण एकाच्या हातात कायमपणाचा कागद असतो आणि दुसऱ्याच्या हातात आशा.

अशा उशिरा निवडलेल्या मुलापुढे तीन वाटा असतात. पहिली, मुख्य संघातच राहून बाकावर बसणे. दुसरी, पूर्वी डी लीग आणि २०१७पासून जी लीग म्हणतात त्या खालच्या लीगमध्ये खेळणे. तिसरी, युरोपात किंवा अन्यत्र खेळत राहणे आणि बोलावण्याची वाट पाहणे. यांतली कोणती धरावी, हा आजचा प्रश्न.

पहिल्या वाटेचा हिशेब सोपा आहे. सामना ४८ मिनिटांचा. मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे संघाकडे वाटायला एकूण २४० मिनिटे. पहिले पाच जण प्रत्येकी ३२-३३ मिनिटे खेळले की १६० संपली. उरलेल्या ८० मिनिटांत तीन-चार अनुभवी माणसे बसतात. मग दहाव्या-बाराव्या माणसाला काय मिळणार? सामना हातातून गेल्यावरची शेवटची चार मिनिटे. सराव करील म्हणावे, तर हंगामात ८२ सामने आणि अर्धे आयुष्य विमानात. दोन सामन्यांच्या मधला दिवस थकलेल्यांच्या विश्रांतीचा.

बाकावर बसून काय शिकता येते हे मला पुस्तकातून वाचावे लागले नाही. सतराव्या वर्षी मी एका मोठ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. नवी कोरी लेथ मशिने, नामांकित मिस्त्री. दोन वर्षे मी त्या मिस्त्रींच्या मागे उभा राहून पाना दिला, तेल घातले, बुरादा झाडला. मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. माझ्याच आळीतला एक मुलगा पत्र्याच्या शेडमधल्या एका लहान वर्कशॉपात लागला. तिथले लेथ जुनाट, पण मालकाने त्याला चौथ्या महिन्यात त्यावर उभे केले. दोन वर्षांनी तो आट्या पाडत होता आणि मी पाना देत होतो. पण दुसरी बाजूही सांगतो. त्याचे बोट मशीनमध्ये गेले तेव्हा विमा नव्हता आणि हजेरीपटावर नावही नव्हते. त्याच्याकडे काम होते आणि माझ्याकडे पगाराचे पाकीट. दोन्ही एके ठिकाणी असावे, एवढेच आमचे मागणे. पण त्या एवढ्याशा मागण्यासाठीच युनियन काढावी लागते.

आता तीच गोष्ट बास्केटबॉलमध्ये पाहा. कॅमेरूनच्या दुआला शहरातला पास्कल सियाकाम २०१६ साली २७वा निवडला गेला. टोरंटो रॅप्टर्सने त्याला आरंभी मैदानात उतरवले, पुढे त्याची जागा गेली, आणि त्यांनी त्याला आपल्याच मालकीच्या खालच्या संघात, रॅप्टर्स ९०५मध्ये पाठवले. हा संघ मिसिसागाचा, म्हणजे टोरंटोच्या शेजारचे गाव. तिथे चेंडू त्याच्या हातात होता. चुका करायची मुभा होती आणि चूक झाली म्हणून लगेच कोणी बाहेर काढत नव्हते. २०१७मध्ये त्या संघाने अजिंक्यपद मिळवले आणि अंतिम सामन्यांचा उत्कृष्ट खेळाडू सियाकामच ठरला. दोन वर्षांनी, २०१९मध्ये, तो एन.बी.ए.च्या विजेत्या संघात होता.

ऐकणाऱ्याला वाटेल की झाले, खालची लीग हेच उत्तर. पण या गोष्टीतला एक धागा सहज निसटतो. सियाकाम पहिल्या फेरीतला. तो खाली खेळायला गेला, पण पगार वरचाच घेत होता. जिना उतरला तरी हजेरीपटावरचे नाव तसेच होते.

आता दुसरी गोष्ट, ही आपल्या देशातल्या मुलाची. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला आणि २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२वा निवडले. भारतात जन्मलेला मुलगा एन.बी.ए.च्या निवडीत येण्याची ती पहिली वेळ. एकोणीस वर्षांचे पोर ते! पण त्याला एन.बी.ए.चा करार मिळाला नाही. त्याला डॅलसजवळच्या टेक्सास लेजंड्स या खालच्या संघात ठेवले, खालच्या लीगच्याच पगारावर. त्या काळी तो पगार हंगामाला २६ हजार डॉलरांच्या आतच असे. अंतर म्हणाल तर इथेही थोडे, मिसिसागासारखेच. पण या मुलाला तिथेही मैदानावर फार थोडी मिनिटे मिळाली. दोन हंगामांनंतर तो परतला. एन.बी.ए.चा एकही साखळी सामना तो खेळला नाही.

जाणकार म्हणतील, त्याच्यात तेवढा दमच नव्हता. असेल. मी काही त्या विद्येतला पंडित नाही. पण ‘खालच्या संघात पाठवले’ एवढ्या एका वाक्याने दोघांच्या उमेदवारीचे वर्णन होते, आणि प्रत्यक्षात दोघांना मिळालेली उमेदवारी किती वेगळी! एकाकडे पगार आणि काम दोन्ही, दुसऱ्याकडे दोन्हींचा तुटवडा. जागेचे नाव विचारून भागत नाही; तिथे काय मिळते ते विचारावे लागते.

तिसरी वाट परदेशाची. अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली १९९९ साली निवडला गेला तो ५८ जणांत ५७वा. सॅन अँटोनियोने त्याला लगेच नेले नाही. तो इटलीत खेळत राहिला. २००१मध्ये बोलोन्याच्या संघाबरोबर त्याने युरोपचे अजिंक्यपद जिंकले. २००२मध्ये अमेरिकेत गेला तो तयार कारागीर होऊन, आणि पहिल्याच हंगामात, २००३ला, त्याचा संघ विजेता ठरला. सर्बियाच्या सोंबोर गावचा निकोला योकिच २०१४मध्ये ४१वा निवडला गेला. टीव्हीवर त्याचे नाव आले तेव्हा जाहिरात चालू होती आणि हा घरी झोपला होता! तो आणखी एक वर्ष आपल्या सर्बियन संघातच खेळला, तिथल्या लीगचा उत्कृष्ट खेळाडू झाला, आणि मग डेन्व्हरला गेला. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन हंगामांत तो सबंध एन.बी.ए.चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

या दोघांना तिकडे काय मिळाले? मोठ्यांच्या स्पर्धेत खरी जबाबदारी, भाषा आपली किंवा ओळखीची, आणि खेळाच्या भाकरीवर घर चालेल असा पगार. म्हणून युरोपात जम बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला उचलून अमेरिकेच्या बाकावर नेऊन बसवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. रोपटे उपटून बैठकीच्या खोलीतल्या कुंडीत लावण्यासारखे ते आहे. शोभा येते, मूळ धरत नाही.

पण या वाटेतही एक काटा आहे. मुलगा परदेशात खेळत असेपर्यंत एन.बी.ए.तला त्याचा हक्क त्याच संघाकडे राहतो. संघाचा त्यात पैचा खर्च नाही. बोलावले तर बोलावले, नाही तर वर्षे निघून जातात, आणि दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक नाही. आमच्या गिरण्यांत बदली कामगार असत. रोज सकाळी दारावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत. त्या बदल्याला निदान दुसऱ्या गिरणीच्या दारात जाता येत असे!

म्हणून एक चमत्कारिक गोष्ट घडते. पंचावन्नावा निवडला जाण्यापेक्षा मुळीच न निवडला जाणे काही वेळा बरे ठरते, कारण मग संघ आपण निवडायचा. फ्रेड व्हॅनव्लीट हा २०१६चा मुलगा. दुसऱ्या फेरीत घेतो, पण दोन वर्षे खालच्या लीगच्या तुटपुंज्या पगारावर खेळ, अशा बोलण्या त्याच्यापुढे आल्या. त्याने नकार दिला आणि त्या रात्री त्याला कोणीच निवडले नाही. मग तो आपल्या पसंतीने टोरंटोकडे गेला, तिथे करार मिळवला, सियाकामबरोबर २०१७ला खालचे आणि २०१९ला वरचे अजिंक्यपद जिंकला. २०२०मध्ये त्याच संघाने त्याच्याशी चार वर्षांचा साडेआठ कोटी डॉलरांचा करार केला. प्रत्येकाला असे जमणार नाही. पण नाही म्हणायची सोय ज्याला आहे, त्याच्याशी लोक निराळ्या सुरात बोलतात, हे मी तीस वर्षे वाटाघाटींच्या टेबलावर पाहिले आहे.

तिकडचे खेळाडू या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे निघाले. बॉब कूझी या खेळाडूने १९५४ साली त्यांची युनियन उभी केली. १९६४च्या जानेवारीत बॉस्टनला तारांकित खेळाडूंचा सामना होता, दूरचित्रवाणीवर दिसायचा होता. पेन्शनचे वचन मिळेपर्यंत आम्ही मैदानावर येत नाही, म्हणून ते कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. वचन मिळाले, मग सामना झाला. पुढे २०१७मध्ये दुहेरी करार आला. त्यात मुलगा वर आणि खाली दोन्हीकडे खेळतो. २०२३-२४च्या हंगामात या दुहेरी कराराचे सुमारे ५ लाख ६० हजार डॉलर मिळत, तर निव्वळ जी लीगच्या मुलाला ४० हजार ५००. एकाच संघात, एकाच बसमध्ये शेजारी बसणारी ही दोन पोरे! जी लीगच्या खेळाडूंनी २०२०मध्ये आपली वेगळी युनियन काढली, याचे म्हणूनच मला नवल वाटले नाही.

पण युनियनवाल्याने युनियनची चूकही सांगितली पाहिजे. नव्या मुलांची वेतनश्रेणी ज्या करारात ठरली, त्यावर सही कोणाची? आत असलेल्या खेळाडूंची. ज्यांच्यावर ती लागू व्हायची, ती पोरे तेव्हा शाळेत होती. जो खोलीत नसतो त्याच्या वाट्याचे कापणे सर्वांत सोपे असते.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. कायम कामगारांना घसघशीत वाढ मिळाली. व्यवस्थापनाने एकच कलम मागितले, ट्रेनी मुलांची मुदत एक वर्षावरून तीन वर्षे. मुले शिकतील, असे ते म्हणाले. मी सही केली. गुलाल उधळला गेला, मला हार घातला. तीन वर्षांनी त्यातला एक मुलगा माझ्या घरी आला. तो म्हणाला, “काका, तीन वर्षं मी एकच बटण दाबलं. आता कायम करत नाहीत, आणि दुसरीकडे विचारतात काय येतं, तर मी काय सांगू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. बायकोने चहा केला होता, तो तसाच ठेवून तो गेला. आजही कोणी ‘मुलगा शिकेल’ असे म्हटले की मला तो कप आठवतो.

म्हणून माझ्या भाच्याला मी उत्तर दिले ते असे. त्या पोराने तीन गोष्टी विचाराव्यात. मला खेळायला मिनिटे किती? माझी चूक त्याच दिवशी दाखवणारा, आणि वरच्या संघात जी रीत आहे तीच शिकवणारा माणूस तिथे आहे का? आणि उद्या गुडघा मोडला तर पगार कोण देणार? तिन्हींचे नीट उत्तर खालच्या लीगमध्ये मिळत असेल तर तिथे जावे, युरोपात मिळत असेल तर तिथे राहावे. बाकावर ते क्वचितच मिळते, मग तो बाक कितीही झगमगीत असो. आणि परदेशात ठेवायचेच असेल तर मुदत लिहून घ्यावी. दोन वर्षांत बोलावले नाही तर मुलगा मोकळा, अशी अट त्यांच्या युनियनने मागावी, असे मला वाटते.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बास्केटबॉल खेळणारे मूल नसेल. पण ट्रेनी म्हणून, शिकाऊ म्हणून, ‘सध्या अनुभव घे’ म्हणून कोठे ना कोठे लावलेले मूल आहेच. ते संध्याकाळी घरी आले की, कंपनी किती मोठी, हे विचारू नका. आज तुझ्या हातात काय दिले, हे विचारा. आणि त्याच्या वतीने कोणी करारावर सही करत असेल, तर त्या खोलीत त्यालाही एक खुर्ची मागा. मी ती मागितली नव्हती.